बांधावरचं पिवळं फूल आणि ज्ञानोबाअण्णांची शेळी

मागच्या पोस्टखाली एका वाचक बाईंनी विचारलं होतं की तुम्ही आयुष्यातला पहिला मोठा प्रवास कुठे केलात. हिमालय, केरळ, निदान महाबळेश्वर तरी ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. माझा पहिला मोठा प्रवास पुणे ते चाकण. हसू नका. पन्नासच्या दशकातली गोष्ट, मी विशीतली, आणि पोचायला अख्खा दिवस लागला होता. आज त्याच रस्त्याने निघालात तरी जवळपास तेवढाच लागेल, फक्त आता तो मोशीच्या सिग्नलला आणि चाकणच्या चौकात लागतो.

जायचं कारण होतं एक फूल. मी चित्रकलेची परीक्षा पास होऊन घरी बसले होते आणि एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात चित्रकाराची जागा निघाली होती. विभागप्रमुखांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. सरांनी अट घातली की जिवंत झाड समोर ठेवून एक चित्र काढून आणा, ते पसंत पडलं तर नोकरी. नाही पडलं तर माघात माझं लग्न होणार होतं, कारण बार्शीच्या एका स्थळाने माझा फोटो पसंत केला होता. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या काकांनी ‘चित्रांचा नाद लग्नानंतर सुटेल ना’ असं विचारलं होतं आणि आमचे वडील ‘सुटेल की’ म्हणाले होते. तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

आता फुलाविषयी. चाकणकडच्या एका विद्यार्थ्याने आपल्या शेताच्या बांधावरचं एक झाड वर्तमानपत्रात दाबून, वाळवून सरांना आणून दिलं होतं. जमिनीला चिकटलेली, कडेने करवतीसारखी कातरलेली पानं, मधून वर आलेला एक बिनपानांचा आखूड देठ आणि देठावर एकच पिवळं फूल. सरांचं म्हणणं, हा डँडेलियन. डँडेलियन म्हणजे थंड मुलखातली वनस्पती, आपल्याकडे भेटायची तर हिमालयात. दख्खनच्या माळावर तिची स्वतःची, इथलीच अशी एखादी जात सापडली तर सरांचं नाव जगभरातल्या पुस्तकांत जाणार होतं. त्यांनी मला भिंग दिलं आणि सांगितलं की ज्याला आपण पाकळी म्हणतो ती पाकळी नसते, ते एक अख्खं फूल असतं, टोकाला पाच बारीक दाते असलेलं. एका फुलात अशा फुलांची जत्रा भरलेली असते. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला वाळलेला पापड दिसत होता.

वाळक्या झाडाला पिकलेलं बी नव्हतं, आणि सगळं अडलं होतं बियापाशी. खऱ्या डँडेलियनच्या बीला लांब चोच असते आणि चोचीच्या टोकाला केसांची छत्री. म्हणून मी उमललेल्या फुलाचं चित्र काढायचं आणि पिकलेलं बी आणायचं. शेवटी सर म्हणाले, “आणि लवकर गाठा. हे फूल सकाळचं ऊन अंगावर आलं की उघडतं आणि ऊन चढलं की मिटतं. चहापाण्यात वेळ घालवू नका.” सर कधी कुणाकडे पाहुणे म्हणून गेले नसावेत.

एकट्या मुलीने जायचं नाही, म्हणून चिंचवडच्या आत्याला बरोबर घ्यायचं ठरलं. लोणावळ्याकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीने निघाले. दिवस थंडीचे. खडकी सुटली की दोन्ही बाजूंना मोकळा माळ, बाभळी आणि हरभऱ्याची शेतं. पिंपरीला निर्वासितांच्या वसाहतीच्या रांगा आणि उभ्या राहत असलेल्या एका कारखान्याच्या भिंती दिसल्या. डब्यातला एक गृहस्थ त्या भिंतींकडे बघून म्हणाला की इथं कोण येणार कामाला, इथं कुत्रं फिरकत नाही. आता माझा नातू तिथून जवळच राहतो आणि गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून रोज चिडतो.

आत्या पवनेच्या काठी शेतकरी घरात दिलेली, अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. तिला नाही म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी पोचले तर ती नऊवारी नेसून तयार, पण आधी गणपतीचं दर्शन झालंच पाहिजे. दर्शनानंतर देवळापाशी तीन मैत्रिणी भेटल्या. प्रत्येकीला मी कोण, किती शिकले आणि माझं कुठे जमतंय ते सांगून झालं. मग शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून भोसरी, भोसरीला एस.टी.ची वाट पाहणं, आणि एस.टी. आली ती भरलेली. कंडक्टर म्हणाला जागा नाही. आत्या म्हणाली, “जागा न्हाई ते दिसतंय. आमी उभ्या ऱ्हातो, तू बाजूला हो.” तो बाजूला झाला.

मोशीला इंद्रायणीवर गाडी थांबली तेव्हा लोकांनी उतरून पाणी पिऊन घेतलं. त्या पाण्यात तळ दिसायचा. आता पिऊ नका. चाकणला उतरलो तर बाजारात कांद्याचे ढीग, आणि एका हॉटेलात गरम भजी. आत्याने दोन बश्या मागवल्या आणि दोन्ही स्वतःच्या आहेत असं मला बसल्यावर कळलं. तिथून कोसभर चालत गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या दोन्ही घरांची नातवंडं आता एकाच सोसायटीत समोरासमोर राहतात.

विद्यार्थ्याच्या वडिलांचं नाव ज्ञानोबा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. विद्यार्थी परीक्षेसाठी पुण्यातच होता, पण त्याने वडिलांना निरोप धाडला होता. ओट्यावर टेकायच्या आत आत्याने अण्णांच्या मेव्हण्याच्या सासुरवाडीपासून सुरुवात करून आपलं नातं काढलं आणि आम्ही घरच्या झालो. घरच्या झालो म्हणजे सकाळी लवकर सुटायची सोय संपली. रात्र तिथेच काढली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चहा झाला, मग भाकरी-पिठलं झालं, मग दूध आलं. मी सूर्याकडे बघत होते आणि अण्णांची मंडळी माझ्या ताटाकडे. शेवटी उन्हं अंगणात पुरती उतरल्यावर अण्णा उठले आणि फार अभिमानाने आम्हाला शेतावर घेऊन गेले.

बांध सारवल्यासारखा स्वच्छ होता. एक काडी नव्हती.

अण्णा म्हणाले, “पुण्याची मान्सं बांध बघाया येनार म्हनून पोराचा निरोप आला. म्हनलं, गबाळ कशाला दावायचं. दोन बाया लावून कालच समदा खुरपून घेतला.”

मी खालच्या आवाजात विचारलं की उपटलेलं कुठे आहे. म्हशीला घातलं, म्हणाले, लई आवडीनं खाल्लं. सरांची जगभरातली पुस्तकं म्हशीच्या पोटात गेली होती. मी मटकन बांधावर बसले आणि मला रडू यायला लागलं. नोकरी गेली, बार्शी आली, एवढंच डोक्यात. अण्णा बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, कोपरा खुरपायचा राहिला की काय.

बसल्यामुळेच मला ते दिसलं. हा बांध दोन शेतांच्या मधोमध होता. अलीकडचा उतार अण्णांचा, तो तुळतुळीत. पलीकडचा उतार त्यांचे चुलतभाऊ सोपानतात्या यांचा, तो गुडघाभर माजलेला, आणि त्यात पिवळे ठिपके. बांधाच्या माथ्यावर हद्दीचा दगड. दगडाभोवती वीतभर जागेत दोन्ही बाजूंचं गवत जसंच्या तसं होतं, कारण दगडाजवळ खुरपं नेलं तर दगड हलवला असा आळ येतो. आणि दगडाच्या अगदी बुडाशी करवतीसारखी पानं पसरलेली होती.

मी हात पुढे केला तशी पलीकडून आरोळी आली. सोपानतात्या ज्वारीतून उभे राहिले होते. ज्ञानोबा आणि सोपान, नावं दोन भावांची ठेवलेली, पण या दोघांत बरीच वर्षं बोलणं नव्हतं. बांधाची केस खेडच्या कोर्टात चालली होती. तात्यांनी माझ्या काखेतला ड्रॉइंग बोर्ड बघितला आणि निष्कर्ष काढला की अण्णांनी बांधाचा नकाशा काढायला पुण्याहून बाई आणली. अण्णाही काही कमी नव्हते. मी पलीकडे पाऊल टाकलं तर पाहुणी माझी राहणार नाही, असं त्यांनी आकाशाकडे बघून जाहीर केलं. या सगळ्यात ऊन चढलं आणि पलीकडचे पिवळे ठिपके एकेक करून मिटले.

त्या संध्याकाळी आत्याने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. अण्णांकडे पोटभर जेवण झालं होतं. मासवडी होती, आणि आत्याने मासवडीला कधी कमीपणा येऊ दिला नाही. हात धुऊन ती उठली आणि सरळ तात्यांच्या घरी गेली. मी मागोमाग. तिथे तिने तात्यांच्या सासूकडून नातं काढलं आणि सांगितलं की आम्ही भावकीच्या पाहुण्या आहोत, एकाच घरी जेवून गेलो तर लोक काय म्हणतील. मग ती पानावर बसली आणि दुसऱ्यांदा पोटभर जेवली, भात दोनदा मागून घेऊन. माझ्या नोकरीसाठी एवढं कुणी केलं नव्हतं.

जेवण झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि तात्यांना म्हणाली, “पोरीला एक फूल काढायचंय कागदावर. त्ये न्हाई जमलं तर तिचं लगीन हुतंय अन् तिला त्ये करायचं न्हाई. बांध तुमचा असू दे, न्हाईतर त्यांचा असू दे. पोर आमची हाय.”

तात्या बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले की काढू द्या, पण चित्रात दगड आहे तिथंच दिसला पाहिजे. आम्ही परतलो तर अण्णा रुसून बसलेले. त्यांनाही मनवलं. त्यांचीही अट तीच, दगड आहे तिथंच.

तिसऱ्या दिवशी आत्याने दोन्ही घरच्या चहाला एकच उत्तर दिलं, आधी फूल. अंधुक उजेडात आम्ही बांधावर. अण्णा आपल्या उतारावर घोंगडी पांघरून बसले, तात्या आपल्या. दोघांच्या मधे मी आणि दगड. अण्णांची शेळी नेहमीप्रमाणे अलीकडच्या उतारावर मेखेला बांधलेली, आज खायला काही नाही म्हणून तक्रार करत होती. मी आधी कागदावर दगड काढला. दोघांनी आळीपाळीने वाकून तो तपासला आणि आपापल्या जागी जाऊन बसले, म्हणजे बरोबर असावा.

मग ऊन आलं. हे मात्र मी तुम्हाला नीट सांगते, कारण हे बघायला अजूनही पैसे पडत नाहीत. हिरव्या कळीचं तोंड आधी जरासं सैल होतं. आत पिवळा रंग दिसतो. मग बाहेरच्या पट्ट्या एकेक करून मागे पडतात, आतल्या अजून उभ्या असतात, आणि बघता बघता सगळं फूल सपाट उघडतं. भिंग लावलं तर प्रत्येक पट्टीच्या टोकाला पाच दाते होते, सरांनी सांगितले तसे, आणि प्रत्येक पट्टीला स्वतःचा केसर. जत्राच होती. मी चित्र काढायचं विसरून बघत बसले. आत्याने पाठीत हलकं ढोसलं तेव्हा पेन्सिल हातात घेतली.

डावीकडे, म्हणजे अण्णांच्या बाजूला, आखूड देठ आणि एकच फूल, अगदी सरांच्या वाळक्या झाडासारखं. ते काढून झालं. उजवीकडे, तात्यांच्या बाजूला, हातभर लांब फांद्या, फांद्यांना फांद्या, त्यांवर कळ्या, फुलं आणि पांढऱ्या केसांचे पिकलेले गोंडे. ही साधी पाथरी. पावसाळ्यात हिचा पाला मी पुण्याच्या मंडईत वाट्याने विकला जाताना बघितला होता. मला वाटलं, दोन झाडं शेजारी उगवली आहेत. ब्रशच्या दांड्याने मी माती जराशी सारली, तसे दोन्ही भाऊ एकदम उभे राहिले. दगडाला हात लावला नाही हे पटवल्यावर खाली बसले. मुळी एकच होती. डावीकडचा डँडेलियन आणि उजवीकडची पाथरी हे एकच झाड होतं.

मी हे कोडं सोडवत बसले होते तेवढ्यात शेळीने दावं ताणलं, मान लांब केली आणि माझ्या डोळ्यांदेखत डावीकडचं फूल देठासकट खाल्लं. उजवीकडच्या फांद्यांकडेही तिने तोंड नेलं, पण दावं दगडापाशी संपत होतं. दररोज खुडून खुडून त्या अर्ध्या झाडाला वाढायलाच मिळत नव्हतं, म्हणून ते घाईघाईने आखूड देठ काढून एकेक फूल उरकत होतं. विद्यार्थ्याने नेमकं घरच्या उतारावरचं झाड उपटून सरांना नेलं होतं.

अण्णांना यातलं एवढंच दिसलं की तात्यांची बाजू शाबूत आहे. ते मला म्हणाले, “बघितलंत? माझी शेळी हद्द सोडून खात न्हाई. लिवा तसं.”

तात्या माझ्याकडेच बघून म्हणाले, “त्यांना सांगा, शेळीला अक्कल हाय.”

बऱ्याच वर्षांत दोघं एका विषयावर बोलले ते हेच. निघताना तात्यांनी पिकलेले गोंडे खुडून दिले, ते आत्याने पदराच्या गाठीत बांधले. शिवाय पाथरीचा भारा दिला, भाजीसाठी. ते बघून अण्णांनी कांद्याचं पोतं दिलं. तात्यांनी मग हरभऱ्याचा डहाळा आणला. आत्याने वेळीच निघायचं ठरवलं नसतं तर एस.टी.ला ट्रक जोडावा लागला असता.

परतीच्या गाडीत आत्या पोत्याला टेकून घोरत होती आणि मी मांडीवर चित्र घेऊन बसले होते. ते चांगलं झालं होतं, हे मला कळत होतं. आणि हेही कळत होतं की उजवी बाजू कापून टाकली तर सर खूश होतील. कागद दुमडला की झालं. डावं फूल काही खोटं नव्हतं, मी ते डोळ्यांनी बघून काढलं होतं. भोसरी येईपर्यंत मी तो कागद तीनदा दुमडायला घेतला. नोकरी हवी होती हो मला, फार हवी होती. पण दुमडलेल्या कागदावर ते झाड खुळं दिसायला लागलं, मुळाचा तोल राहीना, आणि ते बघवेना. म्हणून नाही दुमडला. यात सत्यवचनीपणा किती आणि चित्रकाराचा हट्ट किती, ते मला आजही सांगता येत नाही.

आत्या माझ्याबरोबर पुण्याला आली. दुसऱ्या दिवशी मी एकटीच सरांसमोर गेले. सरांनी चित्र टेबलावर ठेवलं. डावीकडे बघून त्यांचा चेहरा उजळला, उजवीकडे गेल्यावर ते थांबले. मग त्यांनी बी मागितलं. मी रुमालातून काढून दिलं. बराच वेळ ते भिंगातून बघत राहिले. मला कळून चुकलं होतं, मी आदल्या रात्रीच बघितलं होतं. केस थेट बीच्या डोक्यावर होते.

“चोच नाही,” सर म्हणाले.

मी शेळीचं सांगितलं. दगड, दावं, सगळं. सरांनी खिशातून रुमाल काढला. शेवटी भिंग पुसत म्हणाले, “मी हिला आईचं नाव द्यायचं ठरवलं होतं. लॅटिनमध्ये कसं होईल तेही बघून ठेवलं होतं.” मग थोडं हसले. “शेळीला काही नाव आहे का हो?”

मी म्हटलं, विचारलं नाही. त्यांनी चित्राखाली स्वतःच्या हाताने पाथरीचं जुनंच शास्त्रीय नाव लिहिलं आणि म्हणाले की सोमवारपासून कामाला या, समोर आहे तेवढं सगळं काढणारा माणूस मला हवाच होता.

नोकरी लागली तर मी नाचेन असं मला वाटलं होतं. घरी येऊन नुसती बसले. बार्शीला नकार गेला, वडील दोन दिवस बोलले नाहीत, आणि माझ्या डोळ्यांसमोर भिंग पुसणारे सर. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली की मानूस हिरमुसलाय, त्याला जेवाया घाला. तिने पाथरी निवडली, कांदा आणि मुगाची डाळ घालून भाजी केली, दोन भाकऱ्या थापल्या आणि सोमवारी डबा माझ्या हातात दिला. पहिल्याच दिवशी साहेबाला डबा न्यायचा म्हणून मी लाजेने मेले होते.

सरांनी डबा उघडला, काय आहे ते विचारलं नाही. पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. मला वाटलं, कडू लागली.

मग खाली बघूनच म्हणाले, “ही आई करायची. तिला स्वतःला आवडायची नाही. मी खातो म्हणून करायची.” आणि भाकरीच्या तुकड्याने त्यांनी डबा पुसून घेतला.